अडतीस ओहम

माझ्या थोरल्या जाऊबाईंना सगळा बाजार तारमावशी म्हणतो. लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा त्यांना साधा फ्यूजसुद्धा बदलता येत नव्हता, हे त्या स्वतःच सांगतात. माझे थोरले दीर मोटारी भरायचे. जळालेली मोटार उघडायची, आतली काळी पडलेली तांब्याची तार उपसून काढायची, तेवढेच वेढे मोजून नवी तार बसवायची, वॉर्निश पाजायचं, सुकवायचं आणि बंद करून द्यायची, असा तो धंदा. दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. स्वयंपाकाला वॉर्निशचा वास लागतो अशी माझी तक्रार असायची, आणि दीर म्हणायचे, तेवढीच चव येते.

दीर चाळिशीला आले आणि त्यांचे हात थरथरायला लागले. आधी नुसती चहाची बशी वाजायची. मग बारीक तार हातातून निसटायला लागली. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. थरथर काही थांबली नाही.

"तू बस इथे," एके दिवशी ते जाऊबाईंना म्हणाले. "मी सांगतो, तू कर."

जाऊबाई बसल्या त्या बसल्याच. आज वीस वर्षं होतील.

शिकवणी मी डोळ्यांनी पाहिली आहे, कारण भिंतीपलीकडे मी शिवणयंत्रावर बसायचे आणि मधलं दार कायम उघडं असायचं. जाऊबाईंची शाळा सातवीला सुटलेली. दिरांनी त्यांच्यापुढे आमची घरातली इस्त्री ठेवली, मीटर लावला आणि विचारलं, "किती व्होल्ट?"

"दोनशे तीस."

"किती करंट खाते?"

"पाच अँपिअर."

"भाग."

जाऊबाईंनी पाटीवर भागाकार केला. शेहेचाळीस आले. "हा तिचा रोध. शेहेचाळीस ओहम. म्हणजे ती करंटला किती अडवते ते. आता गुण." त्यांनी गुणाकार केला. साडेअकराशे. "हे वॅट. तिची ताकद. भागलं की रोध, गुणलं की ताकद."

"एवढंच?" जाऊबाईंनी विचारलं.

"गणित एवढंच. बाकी सगळं हाताचं काम."

हात जाऊबाईंचा चांगला होता. माझ्या ब्लाउजची शिवण त्यांच्या कॉइलइतकी सारखी कधी आली नाही, हे मी मान्य करते. प्रत्येक मोटार बाहेर पडण्याआधी त्या तिचा रोध मोजायच्या, कॉइल आणि लोखंडी बॉडी यांच्यात कुठे गळती नाही ना ते मेगर नावाच्या मीटरवर बघायच्या, चालवून करंट बघायच्या, आणि सगळे आकडे एका जाड वहीत उतरवायच्या. तारमावशीने भरलेली मोटार परत येत नाही, असं लोक बोलायचे. आणि खरंच येत नसे.

आता जे घडलं ते सांगते.

आमच्यापासून दोन रस्ते पलीकडे कपडे धुण्याचा मोठा कारखाना होता. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, टेबलावरची कापडं तिथे गाडीने यायची. धुतलेल्या चादरींतलं पाणी काढायला तिथे एक गरगर फिरणारं यंत्र होतं, त्याला ते लोक पिळणी म्हणायचे. त्या पिळणीची दीड घोड्यांची मोटार जळाली आणि आमच्याकडे आली. जाऊबाईंनी तीन दिवसांत भरली. मेगर चांगला, करंट सात अँपिअर, सगळं ठीक. फक्त एक गोष्ट राहिली. मोटारीच्या डबीला जिथून तार आत जाते तिथे एक भोक असतं आणि त्याच्या कडेला रबराचं कडं बसवलेलं असतं. त्याला बुश म्हणतात. लोखंडाची धार तारेला घासू नये एवढंच त्याचं काम. जुना बुश वाळून चुरा झालेला होता. नवा त्या मापाचा दुकानात नव्हता आणि त्या दिवशी बाजार बंद. कारखान्याचा मुकादम हातगाडी घेऊन दारात उभा. चादरींचा ढीग साचलाय, मालक डोकं खातोय, चला लवकर, असं त्याचं चाललेलं. जाऊबाईंनी तारेला तिथे पिवळ्या सुती पट्टीचे दोन वेढे दिले, वर वॉर्निश लावलं, आणि मोटार दिली.

सतराव्या दिवशी त्या पिळणीवर माणूस मेला.

त्याला सगळे लंबू म्हणायचे, कारण तो खरंच उंच होता, दारातून येताना मान खाली घालायचा. वय बत्तीस. सकाळी दहाच्या सुमाराला पिळणी चालू असताना त्याचा एक हात तिच्या झाकणावर होता, आणि शेजारचा नळ वाहत होता तो बंद करायला त्याने दुसरा हात लांब केला. नळाला हात लागला आणि तो तिथेच चिकटला. कोणीतरी मेन स्विच पाडेपर्यंत अर्धं मिनिट गेलं असेल.

ही बातमी आमच्याकडे आणली ती त्याच मुकादमाने. तो दुकानाच्या पायरीवर उभा राहिला, आत आला नाही.

"तारमावशी, तुमच्या मोटारीने माणूस खाल्ला," तो म्हणाला. आणि चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाला.

जाऊबाईंच्या हातात त्या वेळी एका पंपाची कॉइल होती. त्यांनी ती खाली ठेवली नाही. वेढे मोजत होत्या ते मोजून संपवले, गाठ मारली, मग उठल्या. मला तेव्हा त्यांचा राग आला होता, की एवढं ऐकूनही ही बाई वेढे काय मोजते. नंतर कळलं. अर्धवट सोडली असती तर त्यांना उभंच राहता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सरकारी विद्युत निरीक्षक आले. पन्नाशीचे, जाड चष्म्याचे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी जाऊबाईंना बोलावून घेतलं, आणि त्या मला घेऊन गेल्या. "तुझं अक्षर चांगलं आहे, आकडे लिहून घे," म्हणाल्या. खरं कारण वेगळं होतं. रस्त्यात त्यांनी माझा दंड असा धरला होता की संध्याकाळी तिथे काळंनिळं झालेलं दिसलं.

कारखान्याचा मालक तिथे होताच. "साहेब, सरळ गोष्ट आहे," तो म्हणाला. "वाइंडिंग नवीन. वाइंडिंगमधून करंट बॉडीला आला. बाईंचं काम कच्चं."

निरीक्षकांनी जाऊबाईंकडे पाहिलं. "बाई, तुम्हाला काय म्हणायचंय?"

"आधी मोजू," जाऊबाई म्हणाल्या.

त्यांनी मोटारीची तार सोडवली आणि कॉइल मेगरवर लावली. काटा पार टोकाला गेला. कॉइलमध्ये गळती नव्हती, नावालासुद्धा नाही. मालकाचं तोंड बारीक झालं. मग निरीक्षकांनी डबीच्या भोकात बॅटरीचा उजेड टाकला. तार तिथे लोखंडाच्या कडेवर ताणून बसली होती, वरचं आवरण कापलं गेलं होतं आणि उघडं तांबं चकाकत होतं. पिवळ्या पट्टीच्या दोन चिंध्या लोंबत होत्या.

"ही इथे लागली बॉडीला," निरीक्षक म्हणाले. "केबल ओढली गेली आहे. मशीन हलवलं होतं का?"

मुकादमाने मालकाकडे पाहिलं. बॉयलरवर काम करणारा म्हातारा मागे उभा होता, तो म्हणाला, "हलवलं ना साहेब. खालचा सांडपाण्याचा पाइप फुटला म्हणून दीड हात ओढलं. तीन दिवस आधी."

"आणि बुश? इथे बुश असतो." निरीक्षकांनी भोकावरून बोट फिरवलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "ओढाताणीत निघून पडला असणार. लिहा."

हे त्यांनी आपल्या माणसाला सांगितलं, आणि त्या माणसाने लिहिलं. मी जाऊबाईंकडे बघत होते. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

मग निरीक्षक अर्थिंगकडे वळले. तुम्हाआम्हाला हे माहीत असतं ते असं, की यंत्राच्या लोखंडी अंगाला एक तार जोडून ती जमिनीत नेलेली असते. करंट चुकून लोखंडात उतरला तर त्याने त्या वाटेने जमिनीत जावं, आणि इतक्या जोरात जावं की फ्यूज उडून सगळं बंद पडावं. पिळणी दीड हात सरकवली तेव्हा जुनी अर्थिंगची तार पुरेना. ती तोडून टाकली होती आणि भिंतीबाहेरच्या मातीत एक लोखंडी सळी ठोकून नवी तार तिला गुंडाळली होती. कोणी केलं, तर मुकादमाने सांगितलं म्हणून कोणीतरी.

आम्ही बाहेर जाऊन पाहिलं. फुटलेल्या पाइपामुळे सगळीकडे चिखल. फक्त सळीभोवती हातभर माती सुकून भेगाळलेली. जाऊबाई तिथे उकिडव्या बसल्या. ती माती त्यांनी चिमटीत घेऊन चुरडली.

"भाजली आहे," त्या हळूच म्हणाल्या.

निरीक्षकांनी मोजमाप केलं. एक छोटा हीटर मध्ये जोडून, म्हणजे करंट बेतात राहील अशा रीतीने, त्यांनी त्या सळीतून करंट सोडला. वीस पावलांवर दुसरी खुंटी ठोकली आणि दोन्हींमधले व्होल्ट पाहिले. मी लिहून घेत होते. सत्तावन्न व्होल्ट. दीड अँपिअर.

"अडतीस," जाऊबाई म्हणाल्या. निरीक्षकांचा माणूस अजून भागाकार मांडत होता.

निरीक्षकांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. "पुढे सांगा."

"अडतीस ओहम म्हणजे दोनशे तीस भागिले अडतीस. सहा अँपिअर गेले जमिनीत. मोटार स्वतः सात खाते. सात आणि सहा तेरा. फ्यूज आहे सोळाचा." त्या थांबल्या. "तो कशाला उडेल? अर्थिंग एका ओहमची असती तर दोनशे तीस अँपिअर गेले असते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत फ्यूज उडाला असता. पहिल्याच दिवशी. कोणी हात लावायच्या आधी."

"आणि हे पहिल्या दिवशी झालं की त्याच सकाळी, हे कशावरून?" मालक म्हणाला. "सतरा दिवस मोटारीने काम केलं. कदाचित पहिल्यापासूनच गळत असेल."

तेव्हा जाऊबाईंनी जे केलं ते मला आजही सांगताना अभिमान वाटतो. त्या बॉयलरवाल्या म्हाताऱ्याकडे वळल्या. "मामा, तुम्ही विजेच्या मीटरचा आकडा रोज लिहिता ना?"

लिहीत होता. रोज सकाळी सातला, बॉयलरच्या वहीतच एका कडेला. त्याने वही आणली. जाऊबाईंनी मला वजाबाक्या करायला लावल्या. तेरा दिवस रोजची वीज अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, एकेचाळीस युनिट, अशी. चौदाव्या दिवशी एक्कावन्न. पंधराव्या दिवशी बावन्न. सोळाव्या दिवशी पुन्हा एक्कावन्न.

"दोनशे तीस गुणिले सहा," जाऊबाई म्हणाल्या. "तेराशे ऐंशी वॅट. पिळणी दिवसाला आठ तास चालते. अकरा युनिट. रोज अकरा युनिट वीज त्या मातीत जात होती, साहेब. तीन दिवस."

बॉयलरवाला म्हातारा म्हणाला, "मुंग्या येतात म्हणून पोरं सांगत होती. तीन दिवस सांगत होती. मुकादम म्हणाला, रबरी चपला घाला."

मालक बाहेर निघून गेला.

घरी येताना मला वाटलं, सुटलो. मी तसं म्हटलंही. घरी आल्यावर जाऊबाईंनी चपला काढल्या, दिरांच्या खाटेशेजारी जमिनीवर बसल्या आणि सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "साहेबांनी लिहिलं, बुश निघून पडला असणार."

"मग पडला," दीर म्हणाले.

"नव्हताच तो. पडेल कुठून?"

दिरांचे हात पांघरुणावर थरथरत होते. त्यांनी एक हात दुसऱ्याखाली दाबला. मग म्हणाले, "मशीन मुकादमाने ओढलं. अर्थिंग त्याने तोडली. पोरांचं ऐकलं नाही ते त्याने. तुझ्या बुशाने काय झालं असतं?"

"तार घासली नसती."

"घासली असती कदाचित."

"कदाचित," जाऊबाई म्हणाल्या. "आणि मी त्याला सांगितलं होतं, बुश लावून घ्या म्हणून."

"सांगितलं होतंस ना? मग झालं तर!"

त्यांनी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. दोन दिवस त्या तेच घोकत राहिल्या. भाजी चिरताना, तार सोलताना, मी सांगितलं होतं त्याला. तिसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाल्या, "मला आठवत नाही गं. सांगायचं मनात होतं एवढं पक्कं आठवतं. सांगितलं का ते नाही आठवत."

त्याच दिवशी दुपारी लंबूची बायको आली.

मी तिला ओळखत नव्हते. सडसडीत बाई, खांद्याला कापडी पिशवी. आत येऊन तिने कोण ते सांगितलं आणि स्टुलावर बसली. रडली नाही. मी पाणी दिलं ते तिने हातात धरून ठेवलं.

"साहेब म्हणाले, तुम्ही गणित केलंत," ती म्हणाली. "मला एक विचारायचं होतं. त्यांच्या अंगातून किती करंट गेला?"

"कशाला विचारता बाई," मी मध्येच म्हटलं.

"मला लोक सांगतात, हजारो व्होल्ट होते. कोणी म्हणतं, माणूस जळून जातो. मी त्यांना पाहिलं, काही जळलेलं नव्हतं. नुसते झोपल्यासारखे होते. मला खरं काय ते कळू दे."

जाऊबाईंनी पाटी घेतली. पाटीची गरज नव्हती, पण कुठेतरी बघायला हवं होतं.

"ओल्या हाताचा माणूस साधारण अकराशे-बाराशे ओहमचा असतो," त्या म्हणाल्या. "दोनशे तीस व्होल्ट. भागिले साडेअकराशे. एका अँपिअरचा पाचवा हिस्सा."

"म्हणजे किती?"

"घरात छोटा दिवा असतो ना, चाळीस वॅटचा. तो पेटायला जेवढा लागतो, साधारण तेवढा."

त्या बाईने मान वर करून आमच्या दुकानातला दिवा बघितला. दिवसाचा बंदच होता तो. "एवढाच?" ती म्हणाली.

"एवढाच."

"मग त्यांना... म्हणजे फार वेळ..."

"नाही. काही क्षणांत शुद्ध जाते. हे मी गणिताने नाही सांगत, साहेबांनी सांगितलं."

तिने आता ते पाणी प्यायलं. मग विचारलं, "आणि चूक कोणाची होती?"

जाऊबाईंनी अर्थिंगचं सांगितलं, मुकादमाचं सांगितलं, तीन दिवसांचं सांगितलं. सगळं खरं होतं. ती ऐकून उठली, दोन्ही हात जोडले आणि गेली. जाऊबाईंनी पाटी पुसून ठेवली. मग मला म्हणाल्या, "कागद घे."

तो जबाब मी तीनदा लिहिला. पहिल्या कागदावर त्यांनी सांगितलं होतं, "मी मुकादमाला बुश लावून घ्यायला सांगितलं होतं." लिहून झाल्यावर वाचायला लावलं आणि फाडला. दुसऱ्यात "सांगितलं असावं" असं होतं. तोही फाडला. तिसरा असा होता: "मोटार माझ्या दुकानातून बुश न बसवता गेली. बुश बसवून घ्या असे सांगितल्याचे मला आठवत नाही. बुश असता तर तार घासली नसती, निदान इतक्या लवकर नाही. निरीक्षकसाहेबांनी तो निघून पडला असावा असे म्हटले तेव्हा मी गप्प राहिले, ते चुकले."

दीर खाटेवरून ऐकत होते. "तुला कोणी विचारलंय का?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "अगं, दुकान जाईल. एका रबराच्या कड्यासाठी. आपल्याकडे दुसरं काय आहे?"

"तुम्हीच शिकवलंत, आकडा गाळायचा नाही."

"मोटारीचा म्हणालो होतो मी."

"मला तेवढंच येतं," जाऊबाई म्हणाल्या.

त्या कचेरीत गेल्या तेव्हा मी बरोबर होते. निरीक्षकांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. "बाई, हे तुम्ही त्या दिवशी सांगितलं नाहीत."

"नाही सांगितलं, साहेब."

"आज न सांगता चाललं असतं."

"हो."

त्यांनी कागदावर शिक्का मारला. शाबासकी दिली नाही. मला वाटलं होतं देतील, आणि जाऊबाईंना वाटलं नव्हतं. पुढे अहवाल आला, त्यात मुख्य दोष मालकाचा आणि मुकादमाचा ठरला. अर्थिंग तोडणं, तक्रार कानाआड करणं. लंबूच्या घरच्यांना भरपाई मिळाली, मुकादमाची नोकरी गेली. आणि खाली दोन ओळी जाऊबाईंच्या होत्या. मोटार अपुऱ्या अवस्थेत दिली, लेखी ताकीद.

त्या दोन ओळी बाजारभर पसरायला दोन दिवस पुरले. अहवालातली बाकीची पंधरा पानं कोणी वाचली नाहीत. खरं बोललात म्हणून हार घालायला कोणी येत नाही, हे मला तेव्हा समजलं. बर्फाच्या कारखान्याने आपल्या मोटारी दुसरीकडे न्यायला सुरुवात केली, मग छापखान्याने. एका गिऱ्हाइकाने तर भरून तयार झालेली मोटार नको म्हणून सांगितलं. दीर एकदाच बोलले, तेही मला, "बाई हट्टी आहे." आणि हसले. तसं हसताना मी त्यांना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

अहवाल वाचून दाखवला त्या दिवशी लंबूची बायकोही कचेरीत होती. बाकाच्या त्या टोकाला ती, या टोकाला आम्ही. सगळे गेल्यावर ती उठून जाऊबाईंच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"मी तुमच्याकडे आले होते," ती म्हणाली. "मी विचारलं होतं, चूक कोणाची."

"हो."

"तुम्ही सगळ्यांची सांगितलीत. तुमची नाही."

जाऊबाई उभ्या राहिल्या. "नाही सांगितली. धीर झाला नाही."

"तुम्ही लिहून दिलं नसतं तर मला कधी कळलंही नसतं."

"नसतं कळलं."

मला वाटत होतं ही आता काहीतरी बोलेल, निदान शिव्या देईल, म्हणजे मोकळं तरी होईल. पण तिने फक्त खांद्यावरची पिशवी नीट केली. "मी तुमच्याशी चांगलं बोलू शकणार नाही," ती म्हणाली. "वाईटही बोलवत नाही." आणि ती जिना उतरून गेली. ती पुन्हा आमच्याकडे कधी आली नाही. रस्त्यात दिसली तर मान हलवते. जाऊबाईही हलवतात.

त्यानंतरच्या आठवड्यात जाऊबाईंनी ती जाड वही काढली. वहीत रोध होता, करंट होता, मेगर होता. बुशासाठी रकाना नव्हता.

"किती वेळा असं केलं असेन, ते मला सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "एकदा केलं ते आठवतं, कारण माणूस मेला. जिथे मेला नाही ते कसं आठवणार?"

त्या कामाला बसल्यापासूनच्या चार वर्षांत एकशे बेचाळीस मोटारी गेल्या होत्या. त्यांनी सगळ्यांचे पत्ते मला वेगळ्या कागदावर लिहायला लावले, आणि आम्ही दोघी जावा सुट्टीच्या दिवशी निघायला लागलो. माझ्या हातात यादी, त्यांच्या पिशवीत मीटर, पक्कड, आणि पाच मापांचे बुश. लोकांना वाटायचं काही विकायला आल्यात. एक सुतार म्हणाला, "मावशी, मोटार तर झकास चालते, का तिच्या पाठीमागे लागलात?" एकाने दारातूनच परत पाठवलं. त्याच्याकडे आम्ही चार वेळा गेलो. चौथ्यांदा त्याची आई म्हणाली, बघू दे रे, बघून जातील. प्रत्येक ठिकाणी जाऊबाई डबी उघडायच्या, भोकात बोट घालून बघायच्या, मग अर्थिंगचे व्होल्ट, अर्थिंगचा करंट. मी भागाकार करायचे. आता मलाही तोंडी यायला लागला होता. एक ओहम, दीड ओहम, दोन. एका ठिकाणी सत्तर आले, आणि तिथल्या मालकाला जाऊबाईंनी त्याच्या बायकोपोरांसमोर उभं करून गणित समजावलं. त्याने त्याच दिवशी वायरमन बोलावला.

अकरा आठवडे झाले तोपर्यंत सहा मोटारी बिनबुशाच्या निघाल्या होत्या. सहाही ठिकाणी तार शाबूत होती. मला जरा हलकं वाटायला लागलं होतं. जाऊबाईंना वाटत नव्हतं.

बाराव्या आठवड्यात आम्ही एका बेकरीत गेलो. नवराबायको मिळून चालवायचे. बाई पीठ मळायच्या यंत्राजवळ उभी, कोपरापर्यंत ओलं पीठ. "तीन वर्षं झाली, एकदाही बंद पडली नाही बघा मावशी," ती कौतुकाने म्हणाली. जाऊबाईंनी तिला यंत्र बंद करायला सांगितलं. मेन स्विचही स्वतः जाऊन पाडला. मग डबी उघडली.

बुश नव्हता. पिवळी पट्टी होती, दोन वेढे. खालच्या बाजूने पट्टी झिजून गेली होती आणि आवरणही. मी जवळ जाऊन पाहिलं. आवरणाचा कागदाएवढा पापुद्रा राहिला होता, त्याच्या आतून तांब्याचा रंग दिसत होता.

जाऊबाईंनी ती तार कापून टाकली. नवी जोडली, वर स्लीव्हची नळी चढवली, बुश दाबून बसवला, हाताने ओढून पाहिला. डबी बंद केली. मग अर्थिंग मोजली, मी भागलं, पाच आले, आणि त्यांनी बेकरीवाल्याला वायरमन बोलवायला सांगितलं, आजच. एवढं सगळं नीट केलं, आणि मग मागे सरकून त्या मैद्याच्या पोत्यावर बसल्या. दोन्ही हात मांडीवर.

"बरं नाही का?" बेकरीवाली म्हणाली. "ऊन लागलं असेल. बसा, बसा." तिने पीठ धुतलेल्या ओल्या हातांनीच एका ताटलीत दोन गरम पाव आणून त्यांच्यापुढे धरले.

जाऊबाईंनी तिच्या हातांकडे बघितलं. पाव घेतला. अर्धा मला दिला, अर्धा सावकाश खाल्ला, पाणी प्यायल्या. बेकरीवालीने पैसे किती म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "काही नाही. माझंच काम राहिलं होतं."

बाहेर आल्यावर मला वाटलं आता घरी जाऊ. त्यांनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"पुढचा पत्ता वाच," त्या म्हणाल्या. अजून एकतीस राहिले होते.